दसऱ्याला पेटी उचलली तेव्हा

आमच्याकडं घटस्थापनेच्या आधी घर धुवून काढतात. वाकळा, चादरी, पडदे सगळं बाहेर, भांडी परड्यात, आणि कपाटं-पेट्या जागच्या हलवून मागची जाळी-जळमटं काढायची. २०२१ च्या दसऱ्याच्या सफाईला मी बेळगावहून दोन दिवस रजा टाकून गावी गेले होते, गाव म्हणजे खानापूरच्या अलीकडं, आणि माजघराच्या कोपऱ्यातली आज्जाची सागवानी पेटी सरकवायला म्हणून कड्या धरून ओढली तर ती एवढी हलकी वर आली की माझा तोलच गेला. पेटी वर आली आणि तळ खालीच राहिला. तळ म्हणजे तरी काय, ओलसर मातीचा थर, त्यात कागदांचा लगदा आणि त्यात तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या वाळव्या, उजेड पडल्यावर सैरावैरा पळायला लागलेल्या.

त्या पेटीत आज्जाचे कागद होते. शेतसाऱ्याच्या पावत्या, जमिनीचे उतारे, त्याचा शाळेचा दाखला, भावकीतल्या वाटणीचा स्टँपपेपर, मोडीतली दोन-तीन पानं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेला, त्याच्या आधीचे हे कागद, सगळे मराठीत. त्यानंतरचे हळूहळू कन्नडात होत गेले, आता उतारा काढला की कन्नडच येतो आणि तो वाचून घ्यायला आई शेजारच्या पोराला हाक मारते. आमच्या भागात कितीतरी घरांत अशी एक पेटी आहे, कोणी पुरावा म्हणून जपतंय, कोणी नुसतं आपल्या माणसाचं अक्षर म्हणून. मी एक पावती हातात घेतली. कडा गेलेल्या, मधे मधे पानाला खिडक्या पडलेल्या, 'रुपये' एवढा शब्द शिल्लक आणि पुढचा आकडा खाल्लेला. खालची पानं मातीनं एकमेकाला चिकटली होती, सोडवायला गेलं की पापडासारखी मोडायची. आई उंबऱ्यावर बसून बघत होती, ती काहीच बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

बाबा असताना हे झालं नसतं असं माझ्या मनात आलं. ते दर दसऱ्याला हातात बॅटरी घेऊन घरभर फिरायचे, चौकटी, खांब, तुळया, प्रत्येकावर बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि कान लावायचे. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, आतनं खाल्लेल्याचा वेगळा. आम्हाला लहानपणी तो खेळ वाटायचा, आम्ही पण मागनं ठोकत जायचो. २०१६ ला बाबा गेले, आईचे गुडघे धरले, भाऊ पुण्याला, मी बेळगावात. वाकळा धुतल्या जायच्या, पेटी मात्र पाच वर्षं कोणी हलवली नव्हती. पाच वर्षं म्हणजे वाळवीला भरपूर झालं.

वाळवीला इंग्रजीत पांढरी मुंगी म्हणत आले तरी ती मुंगी नाही, झुरळाच्या कुळातली आहे. शेजारच्या कन्नड आज्जी तिला गेद्दलु म्हणतात. आपल्याला दिसतात त्या कामकरी, मऊ अंगाच्या, डोळे नसलेल्या, उघड्यावर वाऱ्या-उन्हात वाळून मरणाऱ्या. म्हणून तर त्या भिंतीवर मातीच्या नळ्या बांधत येतात, माती, थुंकी आणि विष्ठा कालवून केलेला तो त्यांचा झाकलेला रस्ता, आतली ओल टिकवणारा. राणी खाली जमिनीत कुठंतरी असते, दहा-पंधरा वर्षंसुद्धा जगू शकते आणि रोज हजारांनी अंडी घालते. हे एकदा नीट कळलं की भिंतीवरची रेघ पुसून वर रॉकेल शिंपडणं किती फोल आहे ते पण कळतं. माझ्या आत्तीनं आयुष्यभर तेच केलं. रॉकेल जिच्या अंगावर पडलं ती मेली, बाकीच्या चार हात पलीकडनं निघाल्या.

मला सगळ्यात जास्त ह्याचं नवल वाटायचं की आज्जाचं जुनं घर मातीचं, लाकडानं भरलेलं, वर मंगळुरी कौलं, आणि ते साठ-सत्तर वर्षं उभं राहिलं, आणि आम्ही २०११ ला सिमेंटचं केलं तर त्याला दहा वर्षांत वाळवी कशी लागली. ह्याचं उत्तर मला आमच्या सुतारमामांनी दिलं. ते आज्जाच्या वेळेपासनं आमच्याकडं काम करतात, आता सत्तरीच्या पुढं आहेत. ते म्हणाले, "पोरी, जुन्या घरातला खांब कशावर हुता आठव की." खांब दगडी तळखड्यावर होता. जमिनीतनं वर येणाऱ्या वाळवीला त्या दगडावरनं उघड्यावरनंच यावं लागायचं, म्हणजे मातीची रेघ काढावी लागायची, आणि ती रेघ रोज केर काढणाऱ्या बाईला दिसायचीच. तळखडा वाळवीला अडवत नव्हता, तो तिला उघडं पाडत होता. जोतं पण जांभ्याच्या चिऱ्यांचं, दोन हात उंच, चारी बाजूनं मोकळं. शिवाय लाकूड कुठलं, तर सागाचं किंवा होन्नेचं (म्हणजे बिबळ्याचं), तेही गाभ्याचं. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही पण त्याच्याभोवतीचं फिकट लाकूड, ज्याला मामा 'कच्चं' म्हणतात, ते खाते. आज्जाच्या पेटीच्या बाजू सागाच्या होत्या म्हणून उभ्या राहिल्या, तळाची फळी आंब्याची होती. आणि चुलीचा धूर, त्यानं आढं-वासे कायम कोरडे राहायचे. जुनी घरं सगळीच टिकली असं मी म्हणणार नाही, गावात दोन वाडे वाळवीनंच बसलेले मी बघितलेत. पण टिकली त्यांच्यात कोणीतरी रोज बघणारं माणूस होतं.

नव्या घरात आम्ही काय केलं ते सांगते, कारण हे खूप घरांत होतं. पाया भरताना औषध मारायचं असतं. आयएस ६३१३ म्हणून त्याचं एक भारतीय मानक आहे, तीन भागांत, त्यातला दुसरा भाग बांधकाम चालू असतानाच्या औषधाचा आणि तिसरा उभ्या घराचा. पायाच्या चरात, जोत्याच्या भरावावर, फरशीच्या खाली, भिंतीच्या बाहेरच्या बाजूच्या मातीत, टप्प्याटप्प्यानं मारायचं, भरावाच्या वरच्या पृष्ठाला चौरस मीटरला ५ लिटर, पायाच्या उभ्या बाजूला साडेसात लिटर, म्हणजे माती नुसती भिजवून चालत नाही, औषधाचा सलग पडदा तयार व्हायला पाहिजे. कुठंही खंड पडला की वाळवी बरोबर तीच जागा शोधते. आमच्या कंत्राटदारानं "मारलंय" म्हणून सांगितलं आणि आम्ही कोणी उभं राहून बघितलं नाही. त्या वेळी आम्ही फरशी कुठल्या रंगाची ह्याच्यावर आठ दिवस वाद घातला, ह्या कामाला आठ मिनिटं दिली नाहीत. आज कोणाचं घर चालू असेल तर मी हात जोडून सांगते, त्या दिवशी स्वतः जाऊन उभे राहा, बाटली बघा, किती पाण्यात किती घातलं ते बघा. क्लोरपायरीफॉस नावाचं औषध २० टक्क्यांचं असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी, तेव्हा ते १ टक्का होतं. मारून झाल्यावर ते दिसत नाही, म्हणूनच त्यात हात आखडता घेतला जातो.

आणि मग २०१९. त्या ऑगस्टमधला पाऊस इकडच्या माणसांना सांगायला नको. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, कृष्णा, सगळ्याच फुगल्या, जिल्हाभर घरं पडली. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं, पण मागच्या भिंती दिवाळीपर्यंत वाळल्या नाहीत, हात लावला की गार लागायचं. मला वाटतं वाळवी आत शिरली ती त्याच वर्षी.

पेटीचं कळल्यावर आम्ही घाबरून पहिलं काय केलं तर औषधवाल्यांना बोलावलं. ते आले, एका दिवसात भोकं पाडली, पंप मारला, पाच वर्षांच्या गॅरंटीचा कागद दिला आणि गेले. मी तो कागद फाईलला लावून निवांत झाले. २०२३ च्या पावसाळ्यात न्हाणीच्या चौकटीचा रंग फुगला, बोट लावलं तर बोट आत गेलं. वरनं रंगाचं कातडं तेवढं होतं, आत माती. फोन केला तर ते पुन्हा येऊन फुकट फवारून गेले, तो त्यांचा शब्द त्यांनी पाळला, पण दोन महिन्यांत स्वयंपाकघराच्या स्विचबोर्डातनं माती गळायला लागली. वायरींच्या पाइपातनं वाळवी वर चढते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

मग मी सुतारमामांना गाडीत घालून आणलं. त्यांनी चौकटीकडं बघितलंसुद्धा नाही, घराबाहेरनं एक फेरी मारली, हात मागं बांधून, सावकाश. न्हाणीच्या मागं थांबले, भिंतीला हात लावला. कपाटामागच्या भिंतीत नळाचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, थेंब थेंब गळत होता, किती वर्षं कोणास ठाऊक. मग पुढं, जिथं मी हौसेनं जास्वंद आणि मोगऱ्याचा वाफा केला होता, त्याची माती जोत्याच्या वर वीतभर चढून थेट भिंतीच्या गिलाव्याला टेकली होती. मग मागच्या दारी भिंतीला लावून रचलेली लाकडं आणि नारळाच्या झावळ्या. आणि मग पायऱ्या. त्यांनी पायरीवर टाच आपटली आणि म्हणाले, "ह्याच्यात सेंट्रिंगच्या फळ्या तशाच ठेवून वरनं भरलंय." सेंट्रिंगच्या म्हणजे काँक्रीट ओतताना साच्याला लावतात त्या फळ्या. आईनं विचारलं, मग आता औषध कुठलं मारायचं? मामा म्हणाले, "वैनी, औषधाला पैसे मोजून मारायचं आणि ओलीनं फुकटात बोलवायचं, आसं किती वर्सं करणार?"

त्या दिवसापासनं मी ह्या कामाकडं बघायची पद्धत बदलली. औषध शेवटी, आधी ओल आणि वाट. एल्बो बदलला, भिंत फोडून सगळा पाइप नवीन घातला. वाफा काढला, झाडं कुंड्यांत आणि कुंपणाकडं गेली, मला वाईट वाटलं पण जोतं पुन्हा चारी बाजूनं वीतभर दिसायला लागलं, भोवतीनं दोन फूट फरशी घातली, उतार बाहेरच्या बाजूला. लाकडं गोठ्याकडं, तीही दगडावर. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायात पडत होतं ते पाइप लावून लांब नेलं.

पायऱ्या फोडल्या त्या दिवशी मी तिथंच होते. आतनं फळ्या निघाल्या, म्हणजे फळ्यांचा आकार निघाला, हातात घेतलं की कुस्करा व्हायचा. आणि त्यांच्या खाली, हातभर खोल, नारळाएवढ्या पोकळीत एक चीज होती जी मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तपकिरी, स्पंजासारखी, अक्रोडाच्या गरासारख्या वळ्यांची, हातात अगदी हलकी, आणि तिच्यावर मोहरीच्या दाण्याएवढे पांढरे शुभ्र मणी पेरल्यासारखे. गवंड्याला वाटलं मधाचं पोळं. ती वाळवीची बुरशीची बाग होती. आपल्याकडच्या ह्या वाळव्यांना लाकूड नीट पचत नाही, त्या चावून आणलेल्या लाकडाची अशी बाग करतात, त्यावर बुरशी वाढवतात आणि तीच खातात. पावसाळ्यात जांबोटीकडच्या बायका पानात बांधून अळंबी विकायला आणतात, त्यातली वारुळावर उगवणारी जी असते ती ह्याच बुरशीची फुलं. आम्ही चवीनं खातो ती अळंबी आणि आज्जाच्या पावत्या खाणारी ही बाग एकाच घराण्यातली. ती चीज मी बराच वेळ हातात धरून बसले होते. राग येत होता आणि एवढ्या बारीक जिवांनी अंधारात केलेली ती शेती बघून हात थरथरत पण होता.

बाबा सांगायचे की पूर्वी आल्ड्रिन नावाचं औषध मारायचे, एकदा मारलं की पुढची कितीतरी वर्षं बघायला नको. ते खरं होतं, कारण ते मातीतनं जातच नव्हतं, आणि तेच त्याचं दुखणं, चरबीत साठत साठत जनावरात, दुधात, माणसात यायचं. आपल्याकडं १९९६ पासनं त्याच्यावर बंदी आहे आणि ती असायलाच पाहिजे. अजून कोणी "जुना माल आहे माझ्याकडं, जालीम" म्हणून सांगत आला तर दारातनं परत पाठवा. आमच्या परड्यात आड आहे, आम्ही त्याचं पाणी पितो, त्यामुळं आडाच्या बाजूची भिंत औषधातनं पूर्ण वगळली, तिथं फक्त कोरडं ठेवणं आणि बघणं. औषधवाल्याला हे आधी सांगावं लागतं, तो आपणहून विचारेलच असं नाही.

बाकीच्या बाजूंना ह्या खेपेला इमिडाक्लोप्रिड घातलं, पाण्यात ०.०७५ टक्के. भिंत आणि फरशीच्या सांध्यात १२ मिलिमीटरची भोकं, एक फूट अंतरानं, प्रत्येकात जास्तीत जास्त १ लिटर, मग सिमेंटनं बंद. मी बादली घेऊन शेजारी बसून मोजलं, त्या पोराला बिचाऱ्याला आधी अवघडल्यासारखं झालं, नंतर तोच मला दाखवायला लागला की बघा आक्का, हे भोक पीत नाही म्हणजे खाली दगड आहे, थोडं सरकून पाडतो. ह्या औषधाचा वास वाळवीला कळत नाही. ती त्यातनं चालत जाते, अंगाला लावून घरी नेते, एकमेकींना चाटताना ते पुढं पुढं जातं, म्हणून परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काही औषधं उलटी असतात, वाळवी त्यांना टाळते, वळसा घालते. दोन्हीचा उपयोग आहे, पण आपल्या घरात कुठलं मारलं ते माहीत तरी पाहिजे. आणि एक चूक आम्ही पहिल्या खेपेला केली होती, औषधवाले यायच्या आदल्या दिवशी आईनं पाहुण्यांसाठी पुसावं तशा सगळ्या रेघा पुसून भिंती लख्ख केल्या होत्या. रेघा ठेवायच्या, त्यांच्यावरनंच वाट कळते.

न्हाणीला आता ग्रॅनाइटची चौकट आहे. स्वयंपाकघरावरचे कौलाखालचे वासे मामांनी काजूच्या टरफलाच्या तेलानं माखले, ते चंदगडकडनं मिळतं, अंगावर उडालं तर भाजल्यासारखे फोड येतात म्हणून हातमोजे घालूनच. कपाटं भिंतीपासनं चार बोटं पुढं ओढली. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर ठेवणं बंद. आज्जाचे जे कागद वाचले, मोजून एकोणीस पानं, ते मी आठवडाभर पंख्याखाली वाळवले, प्रत्येकाचा फोटो काढला आणि आता ते लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. दाखला गेला. वाटणीचा स्टँपपेपर अर्धा आहे. मोडीतलं एक पान पूर्ण आहे, ते वाचून घ्यायचंय.

आई मधे म्हणाली, शेताच्या बांधावर जे मोठं वारूळ आहे त्यात पण औषध ओतून टाकूया का. मी नको म्हणाले. आम्ही दर नागपंचमीला तिथं लाह्या-दूध घेऊन जातो, नाग राहायला येतो म्हणतात, पण बांधलंय ते वाळवीनंच. ते घरापासनं लांब आहे, तिथं ती वाळलेलं गवत, पालापाचोळा मातीत मिळवत असते, ते तिचं रान आहे. मला तिच्याशी वैर नाही, माझ्या चौकटीपर्यंत यायचं नाही एवढंच.

आता वर्षात दोन दिवस ठरलेले आहेत आणि ते कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते, एक वळवाच्या पहिल्या पावसानंतर आणि एक घटस्थापनेच्या आधी. भाऊ पुण्याहून दसऱ्याच्या सफाईला येतो, मग तो बॅटरी धरतो आणि मी ठोकते. अंतर फार वाटत असलं तरी बेळगाव ते खानापूर २५-२६ किलोमीटर आहे, एक रविवार जातो. औषधाच्या गॅरंटीची तारीख पण तिथंच लिहिली आहे, पण ती संपेपर्यंत बघायचं नाही असं आता होत नाही, औषध मातीत हळूहळू विरतच असतं.

ह्या वर्षी मेच्या शेवटी संध्याकाळी धो धो पाऊस झाला आणि उघडल्यावर दिव्याभोवती पंखवाल्या वाळव्यांचा ढग जमला. आईनं दिवे घालवले, ओट्यावरच्या एका बल्बखाली परातीत पाणी ठेवलं, लहानपणी ठेवायची तशीच. सकाळी परात भरली होती आणि उंबऱ्यावर नुसते पंख, केर काढताना झाडूपुढं उडत होते. पंख घराच्या आतल्या खिडकीशी पडलेले असतील तर घरातच वसाहत असू शकते, म्हणून मी आधी सगळ्या खिडक्या बघितल्या. नव्हते. मग बॅटरी आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फेरी. सोपा, माजघर, देवघराची चौकट, पायऱ्यांचे सांधे. आडाकडच्या भिंतीला, जिथं औषध नाही तिथं, जोत्यावर एक रेघ दिसली, शिसपेन्सिलीएवढी बारीक, वीतभर उंच. मी पूर्ण पुसली नाही. मधला इंचभर तुकडा फक्त मोडला, आत दोन वाळव्या होत्या, आणि शेजारी गिलाव्यावर पेन्सिलनं तारीख लिहिली. तीन दिवसांनी परत भरून काढली तर चालू, नाही काढली तर सोडलेली. पुढच्या बुधवारी ऑफिस सुटल्यावर मी पुन्हा गेले. आई बॅटरी घेऊन माझ्या आधीच तिथं पाटावर बसली होती, म्हणाली, "बांधलीय बघ परत." मग आम्ही दोघी ती माती कुठनं ओली होतेय ते शोधत आडाच्या रहाटापर्यंत गेलो. कळशी भरताना पाणी सांडून सांडून फरशीच्या एका फटीतनं जोत्याखाली जात होतं. रविवारी गवंडी यायचाय.